मोरदरीची उलटी बॅटरी

नजमुन्निसाला ‘बिचारी’ म्हटलेलं खपत नसे. एकदा एका मास्तरानं म्हटलं. नवरा गेला, दीर शहरात, सासरा म्हातारा, आणि ही बिचारी एकटी इंजनाशी झटते, असं तो कळवळून बोलला. तिनं त्यानं भरायला आणलेली बॅटरी फळीवरून उचलली, त्याच्या सायकलच्या कॅरियरवर नेऊन ठेवली आणि म्हणाली, “गुरुजी, बिचारीच्या हातनं भरलेली बॅटरी टिकत नसती. सिल्लोडला घेऊन जा.” मास्तर दोन आठवडे सिल्लोडला गेला. तिसऱ्या आठवड्यात गपगुमान परत आला आणि ‘नजमाभाभी’ म्हणायला शिकला.

सिल्लोड सोडून जळगावच्या रस्त्यानं निघालं की अर्ध्या तासात तिच्या दुकानाचा फाटा लागायचा. तिथून कच्चा रस्ता डोंगरात शिरायचा आणि मोरदरी, टाकळखोरं अशा पाच-सहा गावांशी जाऊन संपायचा. साल अठ्ठ्याऐंशी. या गावांचे विजेचे खांब कागदावर कधीच उभे राहिले होते, जमिनीत उभे राहायचे तेवढे बाकी होते. दर निवडणुकीला कोणीतरी यायचा, ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणायचा, लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन कंदिलाची काच पुसायचे. पण वीज नाही म्हणून टीव्ही यायचा थोडाच थांबतो? तो आला होता. काळा-पांढरा, पत्र्याच्या ट्रंकेएवढा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. रविवारी सकाळी मालिका लागली की सगळं गाव त्याच्यापुढं मांडी घालून बसायचं. बॅटऱ्या मात्र बहुतेक ट्रकच्या उतरलेल्या. आठवडाभर एक दिवा आणि टीव्ही ओढला की गुरुवारपर्यंत त्यांचा जीव जायचा. मग शुक्रवारी सकाळी सायकलींवर, बैलगाडीत, कोणाच्या डोक्यावर, अशा त्या बॅटऱ्या फाट्यावर यायच्या.

फाट्यावर पत्र्याचं शेड. शेडमध्ये आठ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारा जनरेटर, पुढं चार्जरची लोखंडी पेटी, आणि भिंतीला लागून लाकडी फळ्या. फळ्यांवर बॅटऱ्या ओळीनं मांडायच्या आणि एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस असं वायरीनं बांधत जायचं. दहा बॅटऱ्यांची एक लाईन. शुक्रवार आणि शनिवार दिवसभर इंजन चालायचं, कमी करंटवर, सावकाश. घाईनं भरलेली बॅटरी वरवर भरते आणि आतून पोकळ राहते, हे नजमुन्निसाचं पहिलं कलम. लाईनीतल्या सगळ्या बॅटऱ्यांना करंट सारखाच मिळतो, हे दुसरं, आणि ते तिला लई आवडायचं. काकासाहेब पाटलांचा गडी एकदा तोऱ्यात म्हणाला, “आमची आधी भरा.” ती म्हणाली, “भाऊ, करंट एका टोकानं शिरतो नि दुसऱ्या टोकानं निघतो. मधी तो कुणाला मुजरा करत नाय.”

हे दुकान शौकतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, घातलं होतं. शौकतचा हात बॅटरीवर चांगला बसला होता, पण लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ॲसिड उडून त्याची नजर अधू झाली. ही गोष्ट फाट्यावर कुणालाच ठाऊक नव्हती. बॅटरी किती भरली हे बघायला काचेची नळी असते. रबरी फुग्यानं ॲसिड आत ओढायचं, आत एक काडी तरंगते, ती किती वर आली त्याचा आकडा वाचायचा. याला ग्रॅव्हिटी बघणं म्हणतात. शौकत नळी उजेडाला धरायचा, मान डोलवायचा, आणि मागं पाण्याचा जग घेऊन उभी राहिलेली नजमुन्निसा ओठातल्या ओठात म्हणायची, “बाराशे चाळीस.” शौकत मोठ्यानं म्हणायचा, “बाराशे चाळीस! आणखी दोन तास.” गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई मोठी धार्मिक दिसते, काहीतरी दुआ पुटपुटते.

सहा वर्षं अशी दुआ पुटपुटल्यावर शौकत काविळीनं गेला. विधवेनं घरात पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत झाली. तेवढे दिवस शेडला कुलूप. इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओढणी कमरेला खोचली, कुलूप काढलं आणि इंजनाचं हँडल हातात घेतलं. पहिल्या तीन वेळेला हँडलनं तिलाच ढकललं. चौथ्या वेळेला इंजन खोकलं आणि लागलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. येऊ द्या. माना बाहेर येण्यानं बॅटरी कमी भरत नाही.

सासरा चांदपाशा शेडच्या दारात खाट टाकून बसायचा. सत्तरीचा माणूस. जिनिंगमध्ये फिटर होता, जनरेटर त्याच्याच फंडाच्या पैशातून आणलेला आणि कागदही त्याच्याच नावाचा. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घर, बैल, दोन एकर, सगळं गेलं, एक जबान तेवढी राहिली, असं तो सांगे. म्हणून ती जबान तो फार जपून वापरायचा, आणि एकदा दिली की मागं घ्यायचा नाही. सगळ्या मुलखाला हे माहीत होतं. अडचण अशी की त्यानं एक जबान आपल्या धाकट्या मुलाला देऊन ठेवली होती.

धाकटा मुलगा कय्युम. औरंगाबादला क्रांती चौकाजवळ त्याचं लग्नाच्या लायटिंगचं दुकान होतं. मांडवाला माळा, वरातीला डोक्यावरचे दिवे. वरातीच्या मागं हातगाडीवर जनरेटर लागतो आणि कय्युमकडं स्वतःचा नव्हता. भाऊ गेल्यावर चाळिसाव्या दिवसाला आला तेव्हाच तो शेडभोवती दोन चकरा मारून गेला होता. मग दर सणाला येऊन तेच. “अब्बा, बाईमाणसाच्या हाती मशीन पडलंय. उद्या कुणाची बॅटरी फुकली तर नाव तुमचं खराब होणार. मेरेकू दे दो, मैं चलातूं.”

चांदपाशानं सहा महिने ऐकून घेतलं. मग त्या वर्षीच्या रमजान ईदला दोघांना समोर बसवून तो म्हणाला, “ऐका. नजमाच्या हातची भरलेली बॅटरी जोपर्यंत फसून परत येत नाही, तोपर्यंत जनरेटर इथं. ज्या दिवशी पहिली परत येईल, त्या दिवशी कय्युमनं टेम्पो आणावा. ही माझी जबान.”

कय्युमनं लगेच ‘हौ’ म्हटलं. नजमुन्निसाला कुणी विचारलंच नाही.

त्या दिवसापासून तिच्या मानगुटीवर ती अट बसली. पाच महिने झाले, एकही बॅटरी परत आली नव्हती. सहज घडलेली गोष्ट नव्हती ती. जुन्या बॅटऱ्या दगाबाज असतात. प्लेटा झडलेल्या, सेल बसलेला. त्यात गावचे हुशार लोक. पाणी कमी झालं की डिस्टिल वॉटर टाकायचं, तर कुणी विहिरीचं टाकणार, कुणी ‘ताकद येईल’ म्हणून आणखी ॲसिड ओतणार. पूर्वी शौकत असल्या बॅटरीला हसून पदरचं चार्जिंग द्यायचा. नजमुन्निसा आता संशय आला की बॅटरी घेतच नसे. लोक चिडायचे. म्हणायचे, नवरा बरा होता, ही लई कडक. ही कडक नव्हती हो. हिचं दुकान एका बॅटरीवर टांगलं होतं.

आणि मग दसरा आला, गुरुवारी.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला माणूस आपल्या हत्याराची पूजा करतो. कुणी नांगर पूजतो, कुणी शिलाईचं मशीन. डोंगरातल्या त्या गावांत टीव्हीची बॅटरी हेही हत्यारच होतं, नव्हे, सगळ्यात महाग हत्यार. तिला धुवायचं, पुसायचं, हळदीकुंकू वाहायचं, वर झेंडू ठेवायचा. शौकतच्या वेळेपासून सहा-सात दसरे नजमुन्निसानं पाहिलेले होते. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी बॅटऱ्या नवरीसारख्या नटून येतात आणि त्यांचं काही खरं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

खरं नसतं म्हणजे काय, तर बॅटरीच्या डोक्यावर शिशाच्या दोन खुंट्या असतात, एक प्लस, एक मायनस. प्लसला लाल रंगाची खूण करायची दुकानदारांची रीत आहे. आता देवाच्या नावानं दुसरीवरही लाल चढलं तर ओळखायचं कसं? नजमुन्निसा डोळ्यानं ओळखतच नसे. प्लसची खुंटी जराशी जाड असते आणि मायनसची बारीक. ती प्रत्येक बॅटरीच्या दोन्ही खुंट्या चिमटीत धरून बघायची आणि मगच वायर बांधायची. गिऱ्हाईक विचारायचं, “भाभी, काय नाडी बघती का तिची?” ती म्हणायची, “व्हय. जाडी सासू, बारकी सून. उलटी बसवली तर घर पेटतं.”

शुक्रवारी सकाळी दहा बॅटऱ्यांची एक लाईन तिनं बांधून सुरू केली. कय्युम दसऱ्याची सुट्टी म्हणून आदल्या दिवशीच आला होता. लग्नाचा हंगाम तोंडावर आला होता आणि त्याचे डोळे जनरेटरवरून हटत नव्हते. दुपारी जुम्म्याच्या वेळेला इंजन बंद करायची तिची पद्धत होती. सासरा नमाजला जायचा, इंजन थंड व्हायचं, ती मागं घरात जाऊन नमाज पढून दोन घास खायची. त्या दिवशी तिला जरा उशीर झाला, कारण दीर आलाय म्हणून तिनं खिचडीबरोबर चिंचेचा खट्टाही केला होता.

तेवढ्या वेळात मोरदरीचा पुंजाराम सायकल दामटत आला. उशिरा, घामाघूम. नमाजहून परतलेला कय्युम शेडमध्ये उभा. पुंजारामनं बॅटरी उतरवली, “भाभी कुठंय?” म्हणाला. कय्युम म्हणाला, “भाभीची गरज नाय. मी हाये ना.” आणखी दोघे-तिघे उशिरा आलेले होते, त्यांच्याही बॅटऱ्या घेऊन कय्युमनं दुसरी लाईन बांधून टाकली. छान बांधली. वायरी सरळ, गाठी घट्ट. ‘बाई एक लाईन लावते तेवढ्यात मी दोन लावतो’ हे बापाला दाखवायचं होतं ना.

नजमुन्निसा आली. दुसरी लाईन बघून तिच्या कपाळाला आठी पडली. पण दीर हसून म्हणाला, “भाभी, सब बांध दिया. लाल को लाल, बराबर.” आणि खाटेवरून सासरा बघत होता. मुलानं कामाला हात लावला म्हणून म्हाताऱ्याच्या तोंडावर जरा उजेड होता. तिनं तो उजेड बघितला, चिमटीनं तपासायचं सोडलं आणि हँडल मारलं.

शनिवारी दुपारी तिनं रोजच्यासारखं सगळं तपासलं. नळीनं ग्रॅव्हिटी बघितली. सगळ्या बाराशे साठच्या आसपास, मोरदरीचीसुद्धा. मग प्रत्येकीला ट्रकचा बल्ब लावून बघितला. सगळे लख्ख लागले. पुंजाराम बॅटरी घेऊन गेला.

रविवारी सकाळी दहाच्या पुढं मोरदरीहून बैलगाडी आली. गाडीत बॅटरी, बॅटरीशेजारी मनकर्णाबाई, मागं सायकलवर पुंजाराम आणि त्याच्या मागं पाच-सहा माणसं. मनकर्णाबाई म्हणजे जिच्या ओसरीवर मोरदरीचा टीव्ही मांडतात ती. साठीची, कपाळ भरून कुंकू, आवाज असा की खोऱ्याच्या पलीकडं गुरं वळावीत.

“अगं नजमे! सगळं गाव अंघोळी करून बसलंय, पोरीबाळी लेकरं काखेला मारून आल्यात, आणि तुझी बॅटरी लावली तशी टीव्ही फट्ट म्हणाला!”

“नेहमीसारखाच मोठा चिमटा जाड खुंटीला लावला, तर फ्यूज उडाला,” पुंजाराम म्हणाला. “दुसरा घातला, तोबी उडाला.”

कय्युम शेडच्या कडेला दात घासत होता. त्यानं चूळ भरली आणि बापाकडं बघितलं. “अब्बा. वापस आ गयी.”

चांदपाशा खाटेवर सरळ होऊन बसला. कय्युमनं तोंड पुसलं, पायात चपला सरकवल्या आणि समोरून आलेल्या जीपला हात करून तो सिल्लोडला निघाला. कशाला, हे कुणाला विचारावं लागलं नाही. टेम्पो आणायला.

इकडं नजमुन्निसानं बॅटरी उतरवून घेतली. ग्रॅव्हिटी बघितली तर पुरी. बल्ब लावला तर लख्ख. बॅटरी भरलेली आहे, मग फ्यूज का खाते? तिनं सवयीनं जाड खुंटी प्लस धरून चार्जरच्या पेटीवरच्या मीटरला बॅटरी जोडली. काटा पुढं सरकायच्या ऐवजी शून्याच्या मागं जाऊन आपटला.

तिनं दोन्ही खुंट्या चिमटीत धरल्या. वायर बांधल्याचे ताजे ओरखडे दोन्हींवर होते. पण कुंकवाचा लाल ठसा बारीक खुंटीवर होता, आणि कय्युमनं ‘लाल को लाल’ बांधलं होतं.

बॅटरी उलटी भरली गेली होती. ग्रॅव्हिटीची नळी हे सांगू शकत नाही, कारण ॲसिड दोन्हीकडून सारखंच चढतं. बल्बही सांगू शकत नाही, कारण बल्बला उलटं-सुलटं नसतं. हे कळतं मीटरच्या काट्याला, नाहीतर चिमटीला. आणि चिमूट तिनं एका दिवसापुरती लावली नव्हती.

“मावशी,” ती मनकर्णाबाईला म्हणाली, “दसऱ्याला पूजा कशी केली बॅटरीची?”

“कशी म्हंजे? जशी करतात तशी. आधी चिंचेनं घासून लख्ख केली. पितळेची भांडी घासली, त्यांच्याच बरूबर हिच्या त्या दोन खुंट्या घासल्या. जाडीवर झेंडू खोवला. मग म्हणलं, बारकीनं काय पाप केलं? तिला कुंकू लावलं.”

“आणि जाडीवरचा जुना लाल रंग?”

“तो गेला की चिंचेनं. लई मळका झालता.”

झेंडू वाटेत कुठंतरी पडला होता. राहिलं होतं ते कुंकू. आणि कय्युमचा जन्म माळांत आणि बल्बांत गेलेला. लग्नाच्या बल्बला कुठून का करंट द्या, तो लागतोच. त्याला आयुष्यात कधी प्लस-मायनसशी काम पडलं नव्हतं. लाल दिसलं, बांधलं.

बाराच्या सुमाराला टेम्पो आला. मागं जाडजूड दोर आणि दोन हमाल. कय्युम उडी मारून उतरला. तोपर्यंत फाट्यावरचा चहावाला, एसटीची वाट बघणारी माणसं, मोरदरीची मंडळी, असा बराच घोळका शेडपुढं जमला होता.

नजमुन्निसानं बॅटरी समोर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. न रडता, न ओरडता, जसं झालं तसं.

कय्युमला घाम फुटला, पण तो मागं हटणारा नव्हता. “लाल जिथं होतं तिथं बांधलं. मग चूक या लोकांची. कुंकू लावायचं ते देवाला लावा, बॅटरीला कायकू?”

पुंजारामच्या मानेच्या शिरा फुगल्या. “ए भाऊ! आमच्या पूजेला काय बोलायचं नाय हां!”

दोन माणसं पुढं सरकली. नजमुन्निसा मध्ये आली.

“पुंजारामभाऊ, मागं व्हा. कय्युमभाई, तुम्हीबी. दसरा काय यंदा पहिल्यांदा आला? दर साली बॅटऱ्या कुंकवानंच येत्यात, दर साली मी चिमटीनं बघून बांधते. कुंकवाची चूक नाय, आणि कय्युमभाईची म्हणाल तर अर्धी. त्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. हँडल मी मारलं. बॅटरी मी दिली. चूक माझी.”

कय्युमनं सुटकेचा श्वास टाकला. “सुना अब्बा? भाभीनं स्वतःच्या तोंडानं मानलं. आता तुमची जबान.”

हमालांनी दोर उतरवला. एकानं जनरेटरच्या खालच्या नटांना पाना लावून बघितला.

“थांब,” नजमुन्निसा म्हणाली. “पाना काढ आधी.” आवाज असा होता की हमालानं पाना काढला.

मग ती सासऱ्याच्या खाटेपुढं जाऊन उभी राहिली. ओढणी कमरेला तशीच खोचलेली. “अब्बा, मला दोनच गोष्टी विचारायच्यात. शौकतच्या वेळी बॅटरी परत येत नव्हती?”

चांदपाशानं डोळे मिटून घेतले. “येत होती.”

“किती वेळा?”

“लई वेळा.”

“तेव्हा जनरेटर न्यायला टेम्पो आला होता?”

म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

ती कय्युमकडं वळली. “कय्युमभाई, खरं सांगा, अल्लाला स्मरून. मागच्या हंगामात वरातीत तुमचे दिवे किती वेळा गेले?”

“ते... भाड्याचं मशीन असतं भाभी. होतं ना कधी कधी. लाइनच तशी आहे.”

“किती वेळा?”

“पाच-सहा वेळा. आता भर चौकात नवरदेव अंधारात घोड्यावर बसला, त्यात माझी काय...”

कुणीतरी फिसकन हसलं. मनकर्णाबाई मोठ्यानं म्हणाली, “आन् तुमचं दुकान कुणी उचलून नेलं का नाय?” आता सगळेच हसले. कय्युमचे कान लाल झाले.

नजमुन्निसा हसली नाही. “अब्बा, शौकत चुकला तर माणूस होता. कय्युमभाई चुकले तर लाइनच तशी. आणि मी एकदा चुकले तर दुकान खलास. पाच महिने या अटीखाली काम केलं. चांगल्या बॅटऱ्या भीतीनं परत पाठवल्या. गोरगरिबांना नाय म्हणलं. आणि परवा भीतीनंच गप बसले. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून तुमच्या लेकानं बांधलेल्या लाईनीला हात लावला नाय. भीतीनं काम केलं, म्हणून ही बॅटरी उलटी झाली. आता नाय. न्यायचा असंल तर जनरेटर आजच न्या. फक्त मोरदरीची बॅटरी आधी सरळ करून देते, ती उलटी सोडून मी उठणार नाय. आणि ठेवायचा असंल तर बिनअटीचा ठेवा. बॅटरी परत येईल. पुन्हा येईल. आली तर मी दुरुस्त करीन. मधलं काही मला नको.”

हे बोलून ती वळली आणि बॅटरीपाशी जाऊन बसली.

टेम्पोवाल्याचं दोनदा घड्याळ बघून झालं. चांदपाशाची अवस्था समजून घ्या. सगळ्या मुलखात चार माणसं त्याला साक्षीला बोलवायची ती का, तर चांदपाशा बोलला की बदलत नाही म्हणून. आणि जबान दिलेली होती पोटच्या मुलाला. बघायला फाटा भरून माणसं.

शेवटी त्यानं काठी घेतली आणि उठला. कय्युमपुढं गेला.

“कय्युम, मी जबानीवरून फिरतो.”

“अब्बा!”

“फिरतो म्हणून सांगतोय ना. चार लोकांत सांगतोय. जबान चुकीची दिली होती. दोघांचा सौदा केला आणि तिसरीला विचारलं नाय. तुला कुणाला सांगायचं त्याला सांग, चांदपाशा बोलला आणि बदलला.” मग हमालांकडं बघून, “दोर गुंडाळा.”

कय्युमनं एकदा टेम्पोकडं बघितलं, एकदा बापाकडं. तोंडात बरंच काही आलं असणार. पण बाप सगळ्या लोकांत स्वतःची मान खाली घालून उभा होता आणि त्याच्यावर आणखी काय बोलणार? “ठीक है,” तो म्हणाला आणि टेम्पोत जाऊन बसला. ‘खुदा हाफिज’ही न म्हणता.

टेम्पो हलणार तेवढ्यात मनकर्णाबाईनं त्याच्या दरवाजावर थाप मारली. “ए बाबा, रिकामाच चाललास व्हय? मोरदरीपतोर सोड मला. गाडीत बसून माझी कंबर मोडली.” टेम्पो उलट्या दिशेला होता, रस्ता कच्चा होता, कय्युम रागानं धुमसत होता. पण म्हातारी त्याच्या होकाराची वाट बघणारी नव्हती. ती पुढच्या सीटवर, कय्युमच्या शेजारीच चढून बसली. मोरदरी येईपर्यंत तिनं त्याला हुकलेल्या मालिकेची आधीची सगळी गोष्ट ऐकवली म्हणे.

मोरदरीची बॅटरी सरळ करायला पाच दिवस गेले. नजमुन्निसानं आधी दोन दिवस ट्रकचे दोन बल्ब लावून तिच्यातला उलटा करंट सगळा काढून टाकला, बॅटरी पार थंड केली. मग पुंजारामच्या देखत जाड खुंटीला लाल रंग दिला, नीट बांधली आणि अगदी हळू करंटवर तीन दिवस भरली. एका बॅटरीसाठी तीन दिवस इंजन चालवायला डिझेल जळतं, ते जळू दिलं. बॅटरी पहिल्यासारखी झाली नाही. एक सेल कायमचा जरा मंद राहिला. तिनं ते पुंजारामला सांगून दिलं. “पुरी सुधारली म्हणणार नाय. वर्षभर काढील.” बॅटरीनं वर्ष काढलं.

दिवाळीनंतर नजमुन्निसा परत संशयाच्या बॅटऱ्या घेऊ लागली. झडलेल्या, मेलेल्या, गरिबाच्या. ‘बघते, खात्री देत नाय’ म्हणून घ्यायची. त्यातल्या काही जगायच्या, काही परत यायच्या. परत आली की ती खाटेकडं बघायची नाही, सरळ बॅटरीकडं बघायची.

चांदपाशा त्यानंतर चार वर्षं जगला. दारातली खाट त्यानं सोडली नाही. कुणी त्या दिवसाचा विषय काढला की स्वतःच म्हणायचा, “हौ, फिरलो,” आणि पान लावायचा. दर दसऱ्याच्या सुमाराला मात्र तो सुनेला विचारायचा, “नजमा, यंदा किती परत आल्या?” शेवटच्या वर्षी विचारलं तेव्हा ती इंजनाचा पट्टा चढवत होती.

“अकरा,” ती म्हणाली. “सात जुन्या प्लेटांच्या, दोन विहिरीच्या पाण्याच्या.”

“आणि दोन?”

“दोन माझ्या चुकीच्या,” तिनं आवाज जरासुद्धा खाली न आणता सांगितलं आणि हँडल मारलं.